कंट्रोलच्या नळाला काय लावलं होतं? घरगुती वॉटर फिल्टरवरच्या एका पेपरचं वाचन

पेट निघाली, मुलाखतही झाली, आता कोर्सवर्कमध्ये "एका पेपरचं समीक्षण करा" असं काम मिळालंय आणि नेमकं काय करायचं ते कळत नाहीये, अशांसाठी आजचा लेख. समीक्षण म्हणजे गोषवारा नाही, हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं करा. लेखकांनी काय केलं हे सांगणं झाला गोषवारा. त्यांनी जे केलं त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष निघतो का, हे तपासणं म्हणजे समीक्षण.

उदाहरण म्हणून विषय घेतलाय तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातला. घरी वॉटर फिल्टर घ्यायचा का आणि कुठला? या प्रश्नावर मी दोनदा चुकले. एकदा सेमिनारमध्ये, एकदा घरच्यांना सल्ला देताना. दोन्ही चुका पेपर नीट न वाचल्यामुळे झाल्या, म्हणून त्या जशाच्या तशा सांगते.

आधी घरचं. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. पाण्यावर संशय आला, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, आणि पुण्यातल्या प्रत्येक घरात पाण्याची चर्चा सुरू झाली. माझी मावशी शहराच्या कडेला एका सोसायटीत राहते. मावसभावाच्या चार वर्षांच्या मुलाचं पोट दोन महिन्यांत तीनदा बिघडलं होतं, एकदा सलाईन लावावं लागलं होतं. अशात दारात फिल्टर विकणारा माणूस आला. मावशीचा फोन आला, "अगं, तू पाण्यातच पीएचडी करतेयस ना? मग सांग, घेऊ का? अठरा हजार म्हणतोय."

त्या माणसाने मावशीला एक प्रयोग करून दाखवला होता. तुमच्याही घरी कुणीतरी दाखवला असेल. दोन ग्लास घेतात, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेलं एक यंत्र बुडवून वीज सुरू करतात. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, गढूळ होतं, वर साका येतो. आरओचं पाणी जवळजवळ तसंच राहतं. "बघा काकू, हे पिताय तुम्ही!"

तो साका पाण्यातला नसतो, कांडीतला असतो. त्या कांड्यांपैकी काही लोखंडाच्या असतात. पाण्यातून वीज जायची तर त्यात क्षार विरघळलेले हवेत. नळाच्या पाण्यात ते असतात, त्यामुळे वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी, म्हणून वीजही जेमतेम वाहते आणि काही दिसत नाही. खात्री करायची असेल तर आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून यंत्र पुन्हा सुरू करायला सांगा. तेही पाणी तपकिरी होईल. मीठ काही रोगजंतू नव्हे.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. हा प्रयोग दिसायला उत्तम आहे. तुलना आहे, दोन्हीकडे यंत्र एकच आहे, फरक डोळ्यांनी दिसतो. फक्त मोजलं जातंय ते वेगळंच. मोजतात विजेचं वहन आणि सांगतात घाण. हसू येतं ना? मलाही आलं होतं. पण छापून आलेल्या, नावाजलेल्या नियतकालिकातल्या पेपरमध्ये असंच काही असेल तर आपल्याला दिसतं का? मला दिसलं नव्हतं.

कोर्सवर्कच्या पहिल्या सेमिनारमध्ये माझ्या पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरात "३५ टक्के" लिहिलेलं होतं. हा आकडा पियेर पेमाँ आणि सहकाऱ्यांच्या १९९१च्या पेपरमधला. अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये तो आला. काम कॅनडातल्या माँट्रियलच्या परिसरातलं. ६०६ कुटुंबं घेतली आणि त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, म्हणजे रँडम पद्धतीने, दोन गट केले. साधारण निम्म्या घरांत आरओ फिल्टर बसवले, उरलेली घरं नेहमीप्रमाणे नळाचं पाणी पीत राहिली. पोटाच्या तक्रारींची नोंद कुटुंबांनीच ठेवली. नळाचं पाणी पिणाऱ्यांत माणशी वर्षाला ०.७६ वेळा पोट बिघडलं, फिल्टरवाल्यांत ०.५० वेळा. फरकाला ०.७६ने भागा, साधारण एक तृतीयांश येतो. पेपरचा निष्कर्ष असा, की पोटाच्या तक्रारींपैकी सुमारे ३५ टक्के नळाच्या पाण्यामुळे असाव्यात, आणि तेही ते पाणी त्या काळच्या जीवाणूविषयक मानकांत बसत असताना.

मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. सँपल मोठं, गट रँडम, फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय. गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "कंट्रोल गटाच्या नळाला काय लावलं होतं?"

मी पेपर उलटून पाहिला. काहीच नव्हतं लावलं. मॅडम म्हणाल्या, "मग फिल्टर आहे की नाही, हे प्रत्येक घराला माहीत होतं." आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलावलं.

तेव्हा वाईट वाटलं. नंतर कळलं, अख्खं समीक्षण त्या एका प्रश्नात होतं. जरा उलगडून बघू.

रँडम वाटणी कशासाठी करतात? सुरुवातीला दोन्ही गट सारखे असावेत म्हणून. गरीब-श्रीमंत, लहान मुलं असलेली-नसलेली, स्वच्छतेबाबत काटेकोर आणि ढिली अशी सगळी घरं दोन्हीकडे सारखी विखुरतात. हे पेमाँच्या पेपरने नीट केलं. पण रँडम वाटणी फक्त सुरुवात सांभाळते. वाटणी झाल्यावर गटांत जे वेगळं घडेल ते ती सांभाळत नाही. ते सांभाळायला ब्लाइंडिंग लागतं, म्हणजे कोण कुठल्या गटात आहे हे सहभागी लोकांना आणि मोजणाऱ्यांनाही कळू न देणं.

माहीत असल्याने काय घडू शकतं? एक, ज्याच्या घरी फिल्टर नाही त्याला पोटात जरा गुडगुडलं तरी वाटतं, "नळाचंच पाणी ना शेवटी." तो डायरीत लिहितो. दोन, ज्याच्या घरी नवं यंत्र आलंय तो तेवढ्याच गुडगुडीला "बाहेरचं खाल्लं असेल" म्हणतो आणि लिहीत नाही. तीन, यंत्र आल्यावर घर एकूणच सावध होतं, हात जास्त धुतले जातात, भांडी झाकली जातात. तिन्हींत फरक आकड्यांत उतरतो आणि तिन्हींचा पाण्यातल्या जंतूंशी संबंध नाही.

इथे मोजमापाचं स्वरूपही महत्त्वाचं. पोट बिघडलं की नाही हे माणूस स्वतः ठरवून सांगतो. असं मोजमाप व्यक्तिनिष्ठ. मृत्यू किंवा प्रयोगशाळेतला रिपोर्ट वस्तुनिष्ठ. २००८ साली बीएमजेमध्ये वुड आणि सहकाऱ्यांनी अनेक मेटा-अनालिसिसमधले प्रयोग एकत्र तपासले. मोजमाप व्यक्तिनिष्ठ असेल आणि ब्लाइंडिंग नसेल, तर उपचाराचा परिणाम ऑड्स रेशोच्या भाषेत सरासरी २५ टक्क्यांनी फुगलेला दिसला. वस्तुनिष्ठ मोजमापांत असा फुगवटा फारसा दिसला नाही. म्हणून "ब्लाइंडिंग नाही" एवढं लिहून समीक्षण संपवू नका. "ब्लाइंडिंग नाही आणि मोजमाप व्यक्तिनिष्ठ आहे, म्हणून चूक या दिशेने जाण्याची शक्यता" असं लिहा. दोष दाखवायचा, त्याची दिशा सांगायची, आणि जमलं तर त्याचं आकारमानही.

मग ब्लाइंडिंग करून कुणी पाहिलं का? हो. मेलबर्नमध्ये मार्गारेट हेलार्ड आणि सहकाऱ्यांनी ६०० कुटुंबं घेतली, पेपर २००१चा. निम्म्या घरांत खरं यंत्र, बारीक गाळणी आणि अतिनील दिवा असलेलं. उरलेल्या घरांत दिसायला तसंच, पण आतून रिकामं खोकं. याला शॅम म्हणतात. ६८ आठवडे डायऱ्या भरल्या. दोन गटांतल्या आजारपणाचं गुणोत्तर आलं ०.९९. म्हणजे फरक नाही.

आता तुम्ही लगेच म्हणाल, आणि म्हणायलाच हवं, की मेलबर्नचं पाणी राखीव जंगलातल्या पाणलोटातून येतं, ते मुळातच चांगलं. माँट्रियलच्या अभ्यासातलं पाणी सांडपाण्याने दूषित होणाऱ्या नदीतलं. मग फरक ब्लाइंडिंगमुळे पडला की पाण्यामुळे? हा आक्षेप रास्त आहे. त्याला अर्धं उत्तर अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टमधून मिळतं. हे शहर मिसिसिपी नदीचं पाणी शुद्ध करून पितं. जॅक कोलफर्ड आणि सहकाऱ्यांनी तिथे ४५६ कुटुंबं घेतली, प्रत्येक घरात सहा महिने खरं यंत्र आणि सहा महिने शॅम. म्हणजे प्रत्येक घर स्वतःचंच कंट्रोल. २००५च्या या पेपरमध्येही फरक दिसला नाही.

पेमाँवर अन्याय नको. माँट्रियलमध्ये खरोखर काही परिणाम असेलही. १९९७ साली त्यांनी १४०० कुटुंबांवर दुसरा अभ्यास केला, गट वेगळे पाडले, आणि पाण्याचा वाटा १४ ते ४० टक्के सांगितला. पण तिथेही आपण कुठलं पाणी पितोय हे घरांना माहीत होतं. म्हणून माझं समीक्षण असं: पेपर खोटा नाही, निष्काळजीही नाही. पण पाण्याचा परिणाम आणि माहीत असण्याचा परिणाम वेगळे करण्याची सोय त्याच्या रचनेतच नाही. ३५ हा आकडा या दोघांची बेरीज आहे आणि त्यातले किती कुणाचे हे पेपरमधून काढता येत नाही. दुसऱ्यांदा सेमिनार दिला तेव्हा एवढंच बोलले. मॅडमनी मान हलवली. आमच्याकडे याला कौतुक म्हणतात.

इथपर्यंत सगळं छान. आता दुसरी चूक.

मावशीचा फोन आला तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात ताजं होतं. मी ऐटीत सांगितलं, "काही घेऊ नकोस. नीट केलेल्या अभ्यासांत फिल्टरने काही फरक पडत नाही." आणि मेलबर्नची गोष्ट सांगितली. मावशी बारावी झालेली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या मेलबर्नच्या बायकांकडे टँकर येतो का गं?"

मी गप्प. हेलार्ड आणि कोलफर्ड यांच्या पेपरमधला निष्कर्ष "फिल्टर निरुपयोगी" असा नाहीच. "चोवीस तास दाबाने येणाऱ्या, आधीच शुद्ध केलेल्या पाण्यावर आणखी एक यंत्र लावून मोजता येईल असा फायदा दिसला नाही" असा तो आहे. मावशीकडे पाणी दिवसातून दोन तास येतं. उरलेला वेळ पाइप रिकामे असतात, आणि रिकाम्या पाइपमध्ये फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. मग ते जमिनीखालच्या टाकीत, तिथून गच्चीवरच्या टाकीत. आणि आठवड्यातून दोनदा टँकर, कुठल्या बोअरचा ते कुणालाच माहीत नाही. आंतरिक वैधता तपासण्यात मी इतकी रमले होते की बाह्य वैधता, म्हणजे हा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी लागू होतो का, हे विचारायचंच विसरले. पेपरमधली चूक शोधता आली की आपण हुशार झालो असं वाटतं. तिथेच घसरायला होतं.

मग आपल्याकडचे अभ्यास काय म्हणतात? ओडिशात सोफी बोआसाँ आणि सहकाऱ्यांनी २१६३ घरं, १२,०८६ माणसं घेऊन क्लोरीनच्या गोळ्यांचा दुहेरी ब्लाइंड अभ्यास केला. निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना नकली. पेपर २०१३चा. पाच वर्षांखालच्या मुलांत जुलाबाचं प्रमाण खऱ्या गोळ्यांच्या गटात १.६९ टक्के, नकलीत १.७४. फरक नाही. पण घाई करू नका, आतले तक्ते बघा. खऱ्या गोळ्या मिळालेल्या घरांतल्या पाण्याच्या फक्त ३२ टक्के नमुन्यांत क्लोरीन सापडलं. विष्ठेतून येणाऱ्या जीवाणूंचं प्रमाण १०० मिलिलिटरमागे एका गटात १२२, दुसऱ्यात ५०. म्हणजे पाणी थोडं सुधारलं, स्वच्छ झालं नाही. मग "गोळ्या चालत नाहीत" हा निष्कर्ष निघतो, की "गोळ्या टाकल्या जात नाहीत" हा? सरकारी योजना आखणाऱ्याला दोन्ही सारखेच महत्त्वाचे. पण माझ्या मावशीने रोज न चुकता क्लोरीन टाकलं तर काय होईल, याचं उत्तर या अभ्यासात नाही.

शॅमलाही डोळे झाकून मानू नका. काँगोतल्या एका अभ्यासात, याच बोआसाँचा, २०१०चा, २४० घरांत खरे आणि नकली फिल्टर दिले. नंतर लक्षात आलं की नकली फिल्टरनेही सुमारे ९० टक्के जीवाणू काढले! म्हणजे कंट्रोल गटालाही अर्धं औषध मिळालं होतं. फरक दिसला नाही तर दोष कुणाचा? म्हणूनच मॅडमचा प्रश्न "शॅम होता का?" असा नव्हता, "काय लावलं होतं?" असा होता. जे लावलं होतं त्याने काय केलं, हेही वाचायचं असतं.

उलट बाजूही सांगते. २०१५च्या कॉक्रेन समीक्षेत घरगुती फिल्टरने जुलाब जवळपास निम्म्याने कमी होतात असा एकत्रित अंदाज आहे. पण त्यातले बहुतेक अभ्यास ब्लाइंड नाहीत आणि समीक्षाकारांनी पुराव्याची खात्री त्यामुळेच खाली आणली आहे. निम्मं हा आकडा उचलून स्लाइडवर टाकणार असाल, तर शेजारचं वाक्यही उचला.

आता मावशीचं काय झालं? मी म्हटलं, आधी मोजू, मग ठरवू. तीन गोष्टी मोजल्या. टीडीएस, क्लोरीन आणि जंतू.

टीडीएस मीटर दोनशे-तीनशे रुपयांना मिळतो. तो विजेचं वहन मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतूंबद्दल तो काहीच सांगत नाही, हे लक्षात ठेवा. नळाचं पाणी आलं ९०, टँकरचं ६४०. आयएस १०५०० या भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २०००पर्यंत चालतं. क्लोरीनसाठी ओटी टेस्ट, ग्रामपंचायतीचा पाणीवाला करतो तीच. दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नळाचं पाणी पिवळं झालं, टँकरचं आणि गच्चीवरच्या टाकीचं नाही. जंतूंसाठी एचटूएसची बाटली. ही पद्धत १९८२ साली भारतीय संशोधकांनीच मांडली. पाणी भरून दीड-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं तर विष्ठेच्या दूषणाचा संशय. टँकरच्या पाण्याची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीच काळीकुट्ट.

म्हणजे मावशीचा प्रश्न क्षारांचा नव्हता, जंतूंचा होता. आरओची खरी गरज क्षार, फ्लोराइड, आर्सेनिक किंवा नायट्रेट काढायला. यवतमाळ किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या फ्लोराइडच्या बोअरवर जगणाऱ्या घराला मी वेगळं सांगितलं असतं, कारण फ्लोराइड उकळून किंवा अतिनील दिव्याने जात नाही. मावशीच्या घरी आरओ लावून एक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत गेलं असतं, तेही टँकर विकत घेणाऱ्या सोसायटीत. शेवटी यूव्ही आणि यूएफ असलेलं, निम्म्या किमतीचं यंत्र घेतलं. सोसायटीने टाक्या धुतल्या आणि टँकर रिकामा झाला की टाकीत क्लोरीन टाकायचं ठरलं. यंत्रातून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून ते झाकून ठेवायचं आणि ओगराळ्यानेच घ्यायचं, हे मावशीला सांगावं लागलं नाही. ती आधीपासून तेच करते.

त्यानंतर चार महिने मुलाचं पोट बिघडलं नाही. मावशी सगळ्यांना सांगते, "मशीन आलं आणि फरक पडला."

आता हा तुमचा गृहपाठ. मावशीच्या वाक्याचं समीक्षण करा. सुरुवात म्हणून एक सांगते. माणसं यंत्र घेतात ती आजारपण सगळ्यांत वाईट असतं तेव्हा, आणि सगळ्यांत वाईट काळानंतर बहुतेक वेळा बरं काहीतरी येतंच, यंत्र असो वा नसो. बाकीचे मुद्दे तुम्ही काढा. कमीत कमी चार निघतात. प्रत्येकाची दिशा लिहा.

आणि हो, मावशीला यातलं मी काही बोलले नाही. टँकरच्या पाण्याची काळी बाटली मी पाहिली आहे. यंत्र काढून टाक असं मी तिला सांगणार नाही, आणि यंत्रामुळेच मूल बरं झालं असं पेपरमध्ये लिहिणारही नाही.